चाक फिरेल तोवर थंड

आमच्या घरात फ्रिज ही भाजी-दूध ठेवायची वस्तू कधी नव्हतीच. दारातल्या वरच्या कप्प्यात इन्सुलिनच्या शिश्या असायच्या आणि त्या दाराला माझ्याशिवाय कुणी हात लावला की मी अंगावर धावून जायची. पाहुणा हौसेनं थंड पाण्याची बाटली काढायला गेला की मी ओट्यापासून ओरडायची, "दार लावा, दार लावा आधी!" लोकांना वाटायचं बाई कंजूष आहे. वाटू द्या बाप्पा. आमच्या एकुलत्या एका पोरीला दुसरीत असताना साखरेचा आजार निघाला होता. गोळ्यांवर भागणारा नाही, सुईचा. सकाळी सुई, संध्याकाळी सुई, आणि हे जन्मभर. त्या शिश्या उन्हानं तापल्या तर आतलं औषध म्हणजे नुसतं पाणी.

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. शंकर नगरात रोज एखाद्या बंगल्यावर नवी सरकारी पाटी लागायची, लाल दिव्याच्या गाड्या धूळ उडवत जायच्या, आणि आमच्या रेल्वेच्या क्वार्टरात मात्र मे महिन्याचं ते जुनंच ऊन. लाइट गेली की मी शिश्या प्लॅस्टिकच्या डब्यात घालून माठाखालच्या ओल्या रेतीत पुरून ठेवायची आणि वरून पाणी शिंपत बसायची. शेजारणी हसायच्या. मी त्यांच्याकडे बघायची सुद्धा नाही.

आमचे हे रेल्वेत डब्यांचे लाइट-पंखे सांभाळायचे. डब्याच्या पोटाखाली बॅटरीची पेटी असते. चाकाच्या आसावरून एक पट्टा जातो, चाक फिरलं की पट्टा फिरतो आणि तिथल्या तिथं वीज तयार होऊन बॅटरी भरत राहते. इंजिनाकडून काही मागायचं नाही, प्रत्येक डबा आपलं आपण बघतो. हे सगळं मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात समजावून झालं होतं. लोक नव्या बायकोला सिनेमाला नेतात, यांनी मला यार्डात नेऊन वाकायला लावलं आणि पट्टा दाखवला! मी तेव्हा हसले होते. माणूस कामावर इतका जीव लावतो तर घरावरही लावेल, असं मनात आलं होतं. लावलाच त्यांनी. त्यात खोट नाही.

रेल्वेचा पास असून आम्ही कुठे जायचो नाही, याचं कारण नागपूरचं एक लग्न. माझ्या भावाचं. ऐन उन्हाळ्यात निघालो तेव्हा यांनी थर्मासमध्ये बर्फ भरला आणि शिशी त्यात खोलवर दाबून ठेवली. बर्फ जितका जास्त तितकं बरं, असं त्यांना वाटलं. शिशी गोठली. गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी कामाचं राहत नाही, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पोरीला तेच टोचत राहिलो. अक्षता पडल्या, पंगती बसल्या आणि माझी पोट्टी मांडवामागे ओकून ओकून पांढरी पडली. दवाखान्यात नेलं. तिथं डॉक्टरांनी शिशी उजेडात धरून आम्हाला आतले कण दाखवले. यांनी ती शिशी हातात घेतली आणि कितीतरी वेळ खालीच ठेवली नाही. त्यानंतर आमच्या घरात कधी बर्फ केला नाही. सरबतातसुद्धा नाही.

मग शाळेची सहल निघाली, समुद्र बघायला. सगळ्यांची नावं लागली, हिचं नाही. सुई कोण देणार, जबाबदारी कोण घेणार? शाळेचंही खोटं नव्हतं. पोरगी घरी आली, दप्तर टाकलं आणि तिच्या हिंदीत म्हणाली, "आई, मेरे को छोड़ के सब जा रहे." आमच्याशी ती हिंदीतच बोलायची, आम्ही मराठीत. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. हे जेवत होते, त्यांनी ताट सरकवलं.

"खड्ड्यात गेली ती सहल," ते म्हणाले. "तुले मी नेतो."

"सच्ची?"

"सच्ची."

"पर तीनों पानी में जाएँगे. आई भी, आप भी. किनारे पे बैठना नहीं."

"किनाऱ्यावर कोण बसते? मी तं पहिला उडी मारीन," हे म्हणाले, आणि पोरगी खुदकन हसली. तेवढंच तिचं मागणं होतं, तिघांनी मिळून पाण्यात जायचं. दुसरं काही तिनं मागितल्याचं मला आठवत नाही.

यांच्या डोक्यात आलं ते असं: माझे जेठ, म्हणजे यांचे थोरले भाऊ, अभनपूरला राहायचे, धानाचा व्यापार होता, त्यांची जीप होती आणि मागे जोडायची दोन चाकांची ट्रॉलीही होती. त्या ट्रॉलीवर पत्र्याचं घर बांधायचं. आत झोपायला फळ्या, एक खिडकी, आणि फ्रिज. तेलीबांध्याकडच्या एका वेल्डरच्या शेडमध्ये काम सुरू झालं. ड्यूटी सुटली की हे तिकडेच. अंगाला वेल्डिंगचा वास घेऊन घरी यायचे, आणि माझ्याशी बोलायचं तर फक्त फ्रिज, फ्रिज आणि फ्रिज.

घरासारखा छोटा फ्रिज घेतला तर? नको. बॅटरीची वीज वेगळी, घरच्या फ्रिजला लागते ती वेगळी. मध्ये इन्व्हर्टर लावावा लागतो आणि तो स्वतःच गरम होऊन निम्मी वीज गिळून बसतो. "हा मधातला दलाल कायले पोसाचा?" हे म्हणायचे. दुसरा एक प्रकार त्यांनी खेड्यातल्या दवाखान्यात पाहिला होता, लसी ठेवायचा, घासलेटच्या ज्योतीवर चालणारा. खाली आग आणि वर थंड! मी म्हटलं, थट्टा करून राहिले का माझी? तर नाही, खरंच असतो तसा. गॅसवरही चालतो. पण तो अगदी सपाट जागेवर उभा लागतो, गाडी चढावर कलली की थंड करणं सोडून देतो. आणि मुळात माझी पोरगी त्या बंद पेटीत झोपणार आणि शेजारी ज्योत जळणार? मी सांगून टाकलं, "आग घेऊन याल तर मी येणार नाही आणि पोट्टीही येणार नाही." विषय संपला.

शेवटी नागपूरच्या एका ओळखीच्या माणसाकडून आला तो तिसरा. गाडीत ठेवायचा, सरळ बॅटरीवर चालणारा, ट्रंकेसारखा वरून झाकण उघडायचा. थंड हवा जड असते, झाकण उघडलं तरी खालीच बसून राहते, उभ्या दारातून मात्र सगळी पायावर सांडते, हे यांनी मला समजावलं. पटलं मला. इतकी वर्षं मी "दार लावा" म्हणून ओरडत होते, ते काही उगीच नाही.

आता त्याला वीज द्यायची कुठून? जेठ म्हणाले, "अरे, जीपच्या इंजिनातून एक वायर घे ना मागं, सोपं आहे." हे ऐकतील तर शपथ. "दुसऱ्याच्या इंजिनावर डबा कायले जगवाचा दादा? डब्यानं आपलं आपण जगलं पायजे." झालं. ट्रॉलीच्या आसावर चाकी बसवली, तिच्यावरून पट्टा, पट्ट्याला जुन्या गाडीचा वीज तयार करणारा अल्टरनेटर आणि पुढे बॅटरी. हुबेहूब रेल्वेचा डबा. बॅटरीही एकच घेतली, कारण चाक फिरलं की ती भरणारच होती.

मी विचारलं होतं. "आणि गाडी उभी राहिली तर?"

"उभी काहून राहीन? गाडी चालाले असते."

"तिथं पोचल्यावर?"

"लॉजमध्ये प्लग लावू. डबे यार्डात आले की नाही लावत आम्ही?"

सगळी हयात चालत्या गाडीत गेलेला माणूस. डबा उभा राहिला की यार्ड असतं आणि यार्डात प्लग असतो, हे त्यांच्या हाडात होतं. चूक म्हणाल तर एवढीच.

तेलीबांध्याच्या पुढे, जिथं नवी राजधानी होणार म्हणत होते, तिकडच्या रस्त्यावर आम्ही चाचणी घेतली. तेव्हा तिथं शेतंच होती. हे जीप चालवत होते आणि मी पोरीला घेऊन मागे ट्रॉलीत. बॅटरीत किती वीज आहे ते दाखवणाऱ्या काट्याशेजारी यांनी थर्मामीटर लावला होता, पोरगी त्याला नाक लावून बसली होती. जसजसा पारा उतरला तसतशी ती ओरडायला लागली, "बाबा, ठंडा हो रहा! बाबा, और ठंडा!" पुढे यांना काही ऐकू जात नव्हतं, तरी ती ओरडत होती. इतकी सुखाची दुपार माझ्या संसारात फार नाही आली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत अभनपूरहून निघालो. धमतरी, कांकेर, केशकालचा घाट, जगदलपूर. फ्रिज असा चालला की मी मनातल्या मनात यांची दृष्ट काढली. मुक्कामाला लॉजमध्ये वायर टाकली, सकाळी पुन्हा चाकावर. पुढे आंध्राकडे उतरताना मात्र रस्ता पार खराब लागला. खड्ड्यात ट्रॉली अशी आदळायची की आतली भांडी उडून पडायची. हे थांबून पट्टा बघायचे. पट्टा ठणठणीत होता.

विजयनगरमच्या पुढे समुद्राकाठी एक कोळ्यांचं गाव लागलं. आदल्या वादळात तिथले खांब पडलेले, आसपास कुठेच लाइट नव्हती आणि आमची भाषा कुणाला येत नव्हती. आमचा विचार पुढच्या शहरात उतरायचा होता. पण सुरूच्या झाडांमधून पोरीला पाणी दिसलं. तिनं हाक मारली नाही, ओरडली नाही, नुसता माझा दंड धरला, नखं रुतेपर्यंत. मी जीप थांबवायला लावली.

हे मागे गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मी बघायला गेले तर पेटीशी उकिडवे बसलेले. खड्ड्यांनी बॅटरीचं एक घर, म्हणजे आतला एक सेल, बसलं होतं. गाडी चालेपर्यंत फ्रिज चालायचा, चाक थांबलं की काटा पडायचा. नवी बॅटरी पुढच्या शहरात. जीपमधून वायर आणलेली नव्हती. नुसतं इंजिन चालू ठेवून उपयोग नाही, ट्रॉली ओढायलाच पाहिजे.

मी म्हटलं, "समोर एवढी ओली रेती पसरली आहे, डबा पुरून ठेवते सावलीत. घरी ठेवते की नाही?"

"घरी घटकाभराची गोष्ट असते. इथी दिवस काढाचा आहे. अन् परतीचा रस्ता?"

कोळ्यांनी माशांसाठी बर्फाच्या लाद्या उतरवल्या होत्या, भुशात झाकलेल्या. मी तिकडे बोट केलं मात्र.

"बर्फाचं नाव काढू नको!" असे ओरडले की कोळणी वळून बघायला लागल्या. इतक्या वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नव्हता त्या माणसानं. मग खाली बघून म्हणाले, "मी चक्कर मारून येतो. थोडी भरली की येतो. तुम्ही बसा."

झाडाखाली सतरंजी, पाणी, जेवणाचा डबा, बिस्किटं उतरवली आणि ट्रॉली घेऊन गेले.

काठाशेजारून एक लांब रस्ता होता. त्यावर हे जायचे, दूर कुठेतरी वळायचे, परत यायचे. आले की इंजिन बंद न करता मागे धावत जाऊन काटा बघायचे. बघता बघता काटा पडायचा. "आणखी एक चक्कर," असं म्हणून पुन्हा जायचे. जीपचा आवाज आला की पोरगी उठून उभी राहायची, फ्रॉक गुडघ्यापर्यंत गोळा करून. जीप गेली की बसायची. मी म्हटलं, चल, आपण जाऊ. तर म्हणे, "बाबा आने दो." किती वेळा उठली आणि बसली माझी लेक. मला इतका संताप आला होता! यांचा, त्या फ्रिजचा, देवाचा. ज्यानं माझ्या लेकराला हा रोग दिला त्या देवाचा तर फारच.

ऊन कलायला लागलं तेव्हा मी तिचा हात धरून तिला ओढतच नेलं. पहिली लाट पावलांवर आली तशी ती मागे पळाली, मग लाटेलाच रागावली, "रुक ना!" मग बसली. फ्रॉकसकट, चड्डीत रेती भरेपर्यंत बसली. पाणी तोंडात गेलं तर थुंकून म्हणाली, "आई, इतना नमक! मेरे को साखर मना है, इसको नमक मना नहीं?" मी हसले, रडले, माझं मला कळलं नाही. झाडांमागून हॉर्न वाजला. त्या रस्त्यानं जाताना हे दर वेळी हॉर्न द्यायचे आणि ही पाण्यात उभी राहून दोन्ही हात हलवायची. झाडांमधून जीपचा नुसता रंग दिसायचा. ड्रायव्हरला रस्त्यावर नजर ठेवावी लागते. तिचे हात त्यांना दिसले की नाही, मी कधी विचारलं नाही.

मग ती थरथरायला लागली. मला वाटलं थंडीनं. अंगाला हात लावला तर घाम. खेळून खेळून साखर खाली गेली होती. ग्लुकोज कालवून पाजलं, बिस्किट चारलं. तेवढ्यात जीप आली. यांनी तिला ओल्या कपड्यांसकट उचललं आणि त्यांचा सगळा धीरच सुटला. "चला. इथी थांबाचं नाही." पोरगी सावरली होती, तोंडात बिस्किट होतं, त्यांच्या खांद्यावरून पाण्याकडे बघत म्हणाली, "बाबा, आप तो आए ही नहीं."

"पुढच्या वेळी येतो बेटा. पक्का."

"अगली बार मैं सिखाऊँगी. पहले पैर, फिर बैठना."

घरी आल्यावर सवयीप्रमाणे डॉक्टरांकडे गेलो. सगळं ऐकून ते सहज म्हणाले, सावलीत ओल्या फडक्यात ठेवलं असतं तरी एवढ्यानं काही बिघडलं नसतं. हे म्हणाले, "हव, डॉक्टरसाब." बाहेर येऊन स्कूटरला किक मारत राहिले, चावी फिरवायची विसरूनच. माझंच खरं निघालं होतं. मला त्याचा इतका राग आला की काय सांगू.

पुढच्या वेळेची त्यांनी तयारी केली. दोन बॅटऱ्या घातल्या, जीपमधून वायर घेतली, जेठांपुढे मान खाली घालून. पण कधी परीक्षा, कधी तिचा ताप, कधी जीप दुसऱ्या कामात. वर्षं गेली. कॉलेजात असताना तिला एकदा ताप आला, उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरजोरात चालायला लागला, आणि दवाखान्यातून आम्ही दोघंच परत आलो. इन्सुलिन ताजं होतं, थंड होतं, वेळेवर दिलं होतं. तरी गेली. मला अजून कुणी याचं उत्तर दिलेलं नाही, आणि आता दिलं तरी मी ते काय करू?

तेरावं झालं, माणसं पांगली. हे माझ्याजवळ येऊन बसले आणि विचारलं, "ती पाण्यात गेली, तवा पहिले काय केलं व तिनं?"

मी सांगितलं. पाय टाकला, पळाली, रागावली, बसली. यांनी सगळं ऐकून घेतलं. काही दिवसांनी पुन्हा विचारलं, मग पुन्हा. कधी चिडून मी म्हणायची, किती वेळा सांगू हो, माझा पण जीव आहे. मग पाठ फिरवून पीठ मळता मळता सांगायची. आम्ही दोघं एकाच घरात तिच्यासाठी रडलो, पण माझ्याजवळ तो एक दिवस होता आणि त्यांच्याजवळ तो नव्हता. फ्रॉकचा रंग, तोंडात गेलेलं पाणी, सगळं मागून मागून घेतलं त्यांनी माझ्याकडून.

आता ते थकलेत. रिटायर होऊनही पुष्कळ वर्षं झाली. गोष्टी इकडच्या तिकडे होतात. माझा स्वभाव तोंडावर चूक काढायचा, जन्मभर त्यांची चूक मी काढत आले, गाडीचा नंबर असो की भाजीचं नाव. परवा शेजारची नवीन सून चहाला बसली होती. तिच्या लेकराला समुद्र बघायला नेणार म्हणत होती. हे एकदम खुर्चीतून पुढे झाले.

"आमची पोट्टी गेली होती ना समुद्रावर. तिघं गेलो आम्ही पाण्यात. पहिले पाय टाकला तिनं, मग बसली. अन् मोठी लाट आली, तं मी तिचा हात धरून ठेवला." बोलता बोलता थांबले आणि माझ्याकडे बघायला लागले. "धरला होता ना मी?"

ती सून कप हातात धरून माझ्याकडे बघत होती.

"हव," मी म्हटलं. "घट्ट धरला होता तुम्ही. लाट गेली तरी सोडला नाही."